शेवटी विचारायचं कुणाला?



घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, डॉक्टरांनी हात टेकले, म्हणजे ओसरीवर कुजबुज सुरू होते. शहरात न्यायचं का? बैल विकायचे का? या सगळ्या सल्लामसलतीत एकालाच कोणी काही विचारत नाही, आणि तो म्हणजे खुद्द आजारी माणूस! त्याला विचारावं, ही गोष्ट जग कसं शिकलं आणि विचारायचं अजून कोण राहून गेलं, ते आज सांगायचं आहे.

१९४८ साली लंडनच्या एका इस्पितळात डेव्हिड टास्मा नावाचा मनुष्य कर्करोगानं मरत होता. पोलंडातून आलेला ज्यू, हॉटेलात वाढप्याचं काम करणारा. सिसिली साँडर्स नावाच्या समाजसेविका त्याच्याजवळ जाऊन बसत. मरणाऱ्या माणसाला काय हवं असतं, यावर दोघांचं बोलणं होई. जाताना त्यानं त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले. तुमच्या वास्तूत एक खिडकी होऊन राहीन, अशा अर्थाचं काही बोलला. बाई पुढं डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांचं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं, तेव्हा ती खिडकीही त्यात होती. एवढ्या मोठ्या चळवळीच्या मुळाशी एक परागंदा वाढपी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे १९८६ साली मुंबईत ‘शांती अवेदना सदन’ निघालं. पण खेड्यातला रोगी तिथवर पोचणार कसा? शिवाय १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन दुर्मिळ करून टाकलेलं. अफू पिकवणाऱ्या देशात कर्करोग्यानं तळमळत राहावं, याला काय म्हणावं! तो कायदा सैल व्हायला २०१४ साल उजाडलं.

वाट काढली ती केरळानं. डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ साली कोळिकोडला वेदनाशमनाची संस्था काढली. पण भाड्याला पैसे नसलेला रोगी दवाखान्यापर्यंत येतच नाही. म्हणून २००१च्या सुमारास मलप्पुरम आणि आसपास शेजारीपाजारीच या कामाला लागले. थोडं शिक्षण घ्यायचं, परिचारिकेबरोबर घरोघर जायचं. जखम तर पाहायचीच. पण घरात तांदूळ आहे का, पोरांची शाळा सुटली नाही ना, हेही विचारायचं. पैसा आला तो बराचसा लोकांच्या लहानसहान वर्गणीतून. २००८ साली केरळ सरकारनं यासाठी धोरणच आखलं आणि पंचायतींना त्यात जबाबदारी दिली.

आता कायद्याकडे वळू. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, बरं होण्याची आशा नसेल तेव्हा नुसता जीव लांबवणारे उपचार नकोत, असं माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येईल. मात्र दोन साक्षीदार आणि वर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी! पाड्यावरची म्हातारी कोर्टाची पायरी कधी चढायची? २४ जानेवारी २०२३ रोजी ही अट सुटली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे झाला.

तरी गाठी आहेतच. आपल्या वतीनं कोण बोलेल, तिथं पालकाचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायचं असतं. घरच्यांनी हाकलून दिलेल्या तृतीयपंथीयानं कुणाचं लिहावं? त्याची सेवा करतो तो चेला, डोक्यावर हात ठेवतो तो गुरू. हे नातं कागदाच्या कुठल्या रकान्यात बसतं? उलट, ज्या भावानं वीस वर्षांत तोंड पाहिलं नाही, तो मात्र रक्ताचा म्हणून आपोआप बसतो.

आणि आपला ऊसतोड मजूर. कागदाची प्रत गावच्या पंचायतीकडे द्यायची, अशी तरतूद आहे. त्याची पंचायत बीडकडे, आणि दिवाळीनंतर तो असतो कारखान्याच्या फडावर, पालात. तिथं तो कोसळला, तर इस्पितळात त्याला ओळखणारा एकच माणूस हजर असतो: त्याचा कोयत्याचा जोडीदार.