दावे, फास आणि सुरगाठ

'दोर' हा शब्द उच्चारला, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी सिंहगडाचा कडा उभा राहतो. १६७० सालच्या माघातली ती काळोखी रात्र, कड्यावरून सोडलेला दोर, आणि तानाजी पडल्यावर दोर कापून टाकल्याची सूर्याजीने दिलेली ती आरोळी! शाळेत मीही दरवर्षी हा धडा रंगवून सांगतो. पण तो दोर कशाचा होता, किती पदरांचा होता, कोणाच्या हातांनी वळला होता, याबद्दल पोवाडे आणि बखरी मुक्या आहेत. दोर कापला गेला म्हणजे इतिहासाला तो दिसतो. तो वळणारा मात्र त्याला कधी दिसत नाही.

माझा मुलूख त्या गडापासून फार दूर, वैनगंगा-प्राणहितेच्या काठचा. १९६४ पर्यंत याला चांदा म्हणत, पुढे चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. या मुलखाच्या इतिहासात प्रसिद्धी मिळाली ती एका फासाला. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. प्राणहितेकाठी तारखात्याचे दोन गोरे अधिकारी मारले गेले. कॅप्टन क्रिक्टन हा तेव्हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता. अहेरीच्या जमीनदारीणबाईंच्या मदतीने त्याने बाबुरावांना पकडविले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आले. दरवर्षी त्या तिथीला लोक त्या पिंपळापाशी जमतात.

लोकांच्या कथेत मात्र हा फास सहजासहजी लागत नाही. तो तुटतो, पुन्हा बांधतात, पुन्हा तुटतो. बाबुरावांनी रानातली काही वनस्पती खाल्ली होती, तिने अंग वज्राचे झाले होते, असे सांगतात. इतिहासाचे पंडित यावर हसतील, आणि त्यांनी हसावेही. मला ती कथा निराळ्या कारणासाठी मोलाची वाटते. ज्यांनी ती रचली, ते स्वतः दोर वळणारे लोक होते. कोणता दोर तुटतो आणि कोणता तुटत नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. म्हणून सरकारचा अपमान करावयाचा झाला, तेव्हा त्यांनी सरकारचा दोर कच्चा ठरविला!

या रानात दोराला तोटा नाही. माहुलीचा वेल मोठमोठ्या झाडांना विळखे घालीत वर चढतो. त्याच्या सालीचा दोर राकट, पण ओझे बांधायला पक्का. पळसाची मुळे उकरून, कुटून, त्यांचा वाख काढतात. मुरडशेंगेच्या सालीचा वाख निघतो. शेताच्या कडेला अंबाडी असते. तिच्या पाल्याची भाजी होते, फुलांच्या लाल बोंडांचे सरबत, आणि उरल्या काड्या डबक्यात कुजत घालून त्यांचा वाख. ओल्या बांबूच्या कांबीनेही कुंपण आवळतात. जळाऊ लाकडांची मोळी, झोपडीचे वासे, विहिरीचा पोहरा, गाईची मान, या प्रत्येकाला वाख निराळा लागतो. मोळीचा राकट दोर गाईच्या मानेला कोणी लावीत नसे.

वाख नुसता असतो तेव्हा हातभरच असतो, आणि ओढला की सुटतो. त्याला पीळ दिला की एक तंतू दुसऱ्याला धरतो. खरी गंमत पुढे आहे. सूत एका दिशेने पिळायचे, आणि अशी दोन-तीन सुते एकत्र करताना पीळ उलट दिशेने द्यायचा. एक पीळ उलगडू पाहतो, तोच दुसरा घट्ट होतो. या भांडणावरच दोर उभा असतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाला हिणवून म्हणतो. दोर वळणाऱ्याला ती स्तुती वाटेल.

गावगाड्यात हे काम मांगाचे, म्हणजे आज मातंग म्हणवणाऱ्या समाजाचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त बलुतेदारांची जी हकिकत आहे, तिच्यात हा दोरवाला आहेच. नाडा, सोल, कासरा, दावे, शिंके हे सारे त्याने द्यायचे, आणि बदल्यात खळ्यावरचे धान्य घ्यायचे. फाशी देण्याचे कामही जुन्या अमदानीत त्याच्याच माथी मारलेले. गाईचे दावे वळणारे हात आणि गुन्हेगाराचा फास ओढणारे हात गावाने एकाच घरचे ठरविले, आणि दोन्ही कामे करवून घेऊन त्या घराला वेशीबाहेर ठेवले. त्याच्या दोरावाचून गावाचे एक गुरू दावणीला राहिले नसते, एक मोट विहिरीतून वर आली नसती. तरी 'गुणी कारागीर' म्हणून त्याचे नाव घेण्याइतके मोठे मन गावापाशी नव्हते.

आता दाव्याकडे पाहू. दावे आणि फास यांत वाखाचा फरक नाही, फरक गाठीचा आहे. जुन्या दाव्याच्या एका टोकाला डोळा असतो, दुसऱ्या टोकाला गुंडी. गुंडी डोळ्यात अडकली, की मानेभोवती ठरावीक मापाचे कडे तयार होते. जनावराने कितीही हिसके दिले तरी हे कडे लहान होत नाही. सरकफासाचे उलटे असते. जितकी ओढ, तितका तो आवळतो. मान आणि कडे यांच्यामध्ये आडवा हात सहज गेला पाहिजे, असा आमच्याकडच्या गायक्यांचा दंडक. पावसाळ्यात त्याहून सैल, कारण वाखाचा दोर भिजला की फुगतो आणि आखडतो. पावसाळ्यात बाज कशी ताणून बसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

दुसरा दंडक उकलण्याचा. मराठीत दोन सुंदर शब्द आहेत : निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ ओढीने घट्ट बसते, नखे तुटली तरी निघत नाही. सुरगाठीचे मोकळे टोक खेचले, की ती क्षणात सुटते. दाव्याचे खुंट्याकडचे टोक सुरगाठीनेच बांधावे, कारण गोठ्याला आग लागली किंवा वाघ आला, तर गाठीशी खेळत बसायला वेळ नसतो. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्याला हा उपदेश करावा लागत नाही.

तिसरा प्रसंग बैल पाडण्याचा, पायाला पत्री मारताना. दोराचा एक न सरकणारा फेरा मानेशी, दुसरा पुढच्या पायांमागे छातीभोवती, तिसरा कमरेपाशी. मग मागून सावकाश ओढ दिली, की एवढा थोरला प्राणी दांडगाई न करता गुडघे टेकतो. पण पाडलेला बैल फार वेळ कुशीवर ठेवायचा नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वायू कोंडतो, पोट फुगते, श्वास अडतो. म्हणून एकजण त्याच्या डोक्याशी बसूनच असतो. बांधून ठेवून निघून जायचे नाही!

हे शास्त्र आपल्याकडे गोठ्यात राहिले. जपानात त्याने माणसाच्या अंगावर कलेचे रूप घेतले. तोकुगावा राजवटीत कैद्याला दोराने बांधण्याची 'होजोजुत्सु' नावाची विद्या होती, आणि घराण्याघराण्यांत तिच्या निरनिराळ्या रीती होत्या. कैदी निसटू नये, पण त्याला इजाही होऊ नये, असे तिचे नियम सांगतात. गुन्हा शाबीत व्हायच्या आधी कैद्याला गाठ मारीत नसत, नुसते वेढे देत. गाठ बसणे हाच कलंक समजत. पुढे विसाव्या शतकात इतो सेइउ (१८८२–१९६१) या चित्रकाराने ही बंधने चित्रांत आणली, आणि तिथून ती राजीखुशीने एकमेकांना बांधणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या शृंगारात शिरली. आज ती जगभर पसरली आहे. दिवाळी अंकात हा विषय कसा, असे एखादे आजोबा विचारतील. पण त्या मंडळींचे नियम वाचताना मला आमचा गायकीच आठवला. दोर तागाचा किंवा भांगेच्या वाखाचा, सुमारे सहा मिलिमीटर जाडीचा, मऊ केलेला. नवशिक्याने गुळगुळीत, स्वस्त प्लास्टिकचा घेऊ नये. गाठ घसरते आणि कातडी भाजते. एकेरी दोर रुततो, म्हणून वेढे शेजारी शेजारी, पट्टीसारखे. गळ्याला दोर नाही. दंडाच्या बाहेरच्या अंगाला हाडाला लगटून एक मज्जातंतू जातो. तो दाबला गेला तर पंजा लुळा पडतो, आणि तो परत उचलायला कधी कधी महिने लागतात. बोटांना मुंग्या आल्या, की त्याच क्षणी सोडायचे. कात्री हाताशी. आणि बांधलेल्याला एकटे टाकून उठायचे नाही. शेवटचा नियम तर मी बैलाच्या डोक्याशी बसलेल्या माणसाकडून ऐकलेला आहे.

आमच्या बाजारात मात्र दोर आता वजनावर विकला जातो. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले, आणि त्याने व त्याच्या भावंडांनी अंबाडी मारली. हा दोर कुजत नाही, पाण्याने आखडत नाही, आणि शेतकऱ्याला परवडतो. त्याला नावे ठेवणे मला तरी अप्रामाणिक वाटते. विहिरीला तो हजारदा लावावा. मानेचे मात्र निराळे. बारीक नायलॉनचे दावे हिसक्यासरशी चामडीत उतरते, जखमेवर माशा बसतात, आसाड्या पडतात. वाखाचा दोर अतीच ओढ बसली तर तुटून जनावराला सोडतो. नायलॉन तुटत नाही. दाव्याचा दोर घेताना म्हणून मी तीन गोष्टी पाहतो : बोटाएवढी जाडी, गालावर घासली तर न टोचणारा पृष्ठभाग, आणि दोन हातांत उलट पिरगाळल्यावर पदर मोकळे होतात की नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. पळसाच्या पानाने तूप-हळद लावून बैलाचा जू घासलेला खांदा शेकतात, आणि दुसऱ्या दिवशी नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा चढवितात. अलीकडे त्या बाजारात हिरव्या-निळ्या नायलॉनच्या राशी असतात, आणि त्यांच्या कडेला एखादी म्हातारी अंबाडीची चार-सहा दावी मांडून बसलेली दिसते. तिच्या प्रत्येक दाव्याला डोळा आणि गुंडी असते. नायलॉनला ती नसते; ते घरी नेऊन ज्याचे त्याने बांधायचे.