महाड औद्योगिक क्षेत्र : सांडपाणी व स्वच्छ उत्पादन

रायगडाच्या पायथ्याचे पाचाड ज्या महाड तालुक्यात आहे, तेथेच बिरवाडीलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे (स्थापना १९६२) हे क्षेत्र वसले आहे. येथे मुख्यतः रसायने व औषधद्रव्ये बनतात. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाडमार्गे बाणकोट खाडीला मिळणारी सावित्री जवळूनच वाहते. त्यामुळे येथील उत्पादनाचा विचार नदीपासून सुरू व्हायला हवा.

कारखान्यांचे पाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात येते. अशा केंद्रात आम्लता योग्य पातळीवर आणून गाळ निवळवतात, मग हवा खेळवून जिवाणूंकरवी सेंद्रिय द्रव्यांचे विघटन घडवतात. विरघळलेले क्षार मात्र जिवाणूंना पचत नाहीत आणि काही द्रावके तर जिवाणूंनाच मारतात. म्हणून खरे काम कारखान्याच्या आतच व्हावे लागते. खारे पाणी वेगळे ठेवणे, द्रावके ऊर्ध्वपातनाने परत मिळवून पुन्हा वापरणे हे त्याचे मुख्य मार्ग. द्रावक वाचले की कच्च्या मालाचा खर्चही घटतो. खाऱ्या पाण्यासाठी बहुटप्पी बाष्पीभवक वापरतात. त्यात एका टप्प्याची वाफ पुढच्या, कमी दाबाच्या टप्प्याला तापवते, म्हणून इंधन कमी लागते. उरलेला क्षार घातक कचरा ठरल्यास तो उघड्यावर टाकता येत नाही. रायगड जिल्ह्यातच तळोजे येथे अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीची सोय आहे.