मोहेंजोदडोच्या विटांना लागलेला लोणा

पावसाळा सरून उन्हें पडूं लागलीं, कीं उघड्या विटांच्या घराच्या जोत्याजवळ भिंतीवर पांढरी भुकटी उमटते, आणि कांहीं दिवसांनीं विटांचे पोपडे सुटतात. आपण त्यास लोणा लागला म्हणतों, भुकटी खरवडतों, वर रंगाचा हात देतों. पुढच्या वर्षीं पुन्हां तेंच. ह्याच दुखण्यानें एक अख्खें नगर पोखरलें आहे. आज पाकिस्तानांत असलेल्या सिंधमधील मोहेंजोदडो तें हें नगर.

इ. स. १९११-१२ मध्यें पुराणवस्तुसंशोधन खात्याचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे तेथें जाऊन आले. विटा आधुनिक धर्तीच्या, कोरीव मृण्मय काम कोठें नाहीं, तेव्हां हें गांव अवघें दोनशें वर्षांपूर्वींचें असावें, असें त्यांनीं लिहिलें. आपल्या येवढ्या थोर पंडिताची ही चूक सांगतांना आम्हांस हसूं येत नाहीं. जाडी, रुंदी व लांबी ह्यांचें १:२:४ असें प्रमाण राखलेली भट्टींतील ती वीट चार हजारांवर वर्षें जमिनींत राहूनहि नवी दिसत होती, हाच तिचा गौरव नव्हे काय? पुढें १९२२ मध्यें राखालदास बानर्जी ह्यांनीं तेथें खोदण्यास आरंभ केला, आणि १९२४ मध्यें सर जॉन मार्शल ह्यांनीं त्या शोधाची वार्ता जगास कळविली.

पण माती दूर झाली आणि विटांवर संकट आलें. सिंधची जमीन मुळांतच खारट. खालचें पाणी क्षार घेऊन विटेंतून वर चढतें, वाऱ्यानें उडून जातें, क्षार मागें राहतो. पृष्ठभागावर राहिला तर नुसती भुकटी. खरा घात त्वचेच्या आंत होतो. त्यांतील सोडियम सल्फेट थंड व दमट हवेंत पाणी धरून आकारानें सुमारें चौपट होतें, आणि वीट आंतून फुटते.

त्यांत १९३२ मध्यें सक्करचा बंधारा पुरा झाला. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांत असल्यामुळें त्यास मुंबईचे गव्हर्नर लॉइड ह्यांचें नांव दिलें होतें. कालव्यांनीं लक्षावधि एकर जमीन भिजली, भोंवतालीं भात पिकूं लागलें, आणि जमिनीखालचें पाणीहि चढलें. शेतकऱ्याच्या तोंडचा घास पाहतां ह्या प्रकरणीं दोष कोणास द्यावा, तें आम्हांस सुचत नाहीं.

१९७४ पासून १९९७ पर्यंत युनेस्कोच्या साह्यानें मोठी मोहीम चालली. पंप लावून पाणी उपसलें, भिंतींच्या तळाशीं काँक्रीटचे थर घातले. सर्वांत साधा उपाय मात्र चिखलाचा. क्षार नसलेल्या मातीचा लेप भिंतीस दिला, कीं क्षार विटेऐवजीं त्या लेपांत येऊन बसतो; लेप गळून पडला, कीं नवा द्यावयाचा. घरच्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढविणाऱ्यांनीं हें पाहावें: ओल त्याच्या आड कोंडते आणि आणखी वर चढते. मोहेंजोदडोस आज जाणाऱ्या प्रवाशास पुष्कळ भिंतींवर विटेऐवजीं हा करडा चिखलच दिसतो.