दहापैकी किती?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मोठे घर विकून लहान घरात जायचे ठरवले. अॅटिक आवरताना आमच्या चिरंजीवांचा बुटांचा एक जुना खोका हाती लागला. आत बेसबॉलची कार्डे, रबर बँडने करकचून बांधलेली. बांधली होती मीच. १९८९ साली प्रगतिपुस्तकात गणिताला 'बी' आला म्हणून ती जप्त केली आणि पुढे साफ विसरलो.

चिरंजीव आता चाळिशी ओलांडलेले. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाबा, त्यात ग्रिफी आहे का?" होता. १९८९ च्या अपर डेक संचातले १ क्रमांकाचे कार्ड, सिअॅटलचा केन ग्रिफी ज्युनिअर. "ते ग्रेडिंगला पाठवा," असा हुकूम झाला. त्या निमित्ताने मी हा इतिहास वाचून काढला.

पूर्वी कार्ड चांगले की वाईट हे विकणारा सांगे आणि घेणाऱ्याने विश्वास ठेवायचा. नाण्यांची प्रतवारी पीसीजीएस ही कंपनी १९८६ पासून करत होती. १९९१ मध्ये पीएसएने तीच पद्धत खेळाडूंच्या कार्डांना लावली. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र बरोबर मधोमध आहे का, हे पाहून १ ते १० गुण द्यायचे आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करायचे. त्यामुळे दूरच्या अनोळखी माणसाकडून, न पाहता खरेदी करणे शक्य झाले. गिऱ्हाईक वाढले, तशा किमतीही वाढल्या.

पीएसएने पहिला क्रमांक दिला तो होनस वॅग्नरच्या कार्डाला. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात ही कार्डे घालत असे. वॅग्नरचे कार्ड लवकरच थांबवले गेले. मुलांनी त्यासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला पसंत नव्हते असे काही म्हणतात, तर मोबदल्यावरून बिनसले असे इतर काही. आज अशी साठाच्या आसपासच कार्डे माहीत आहेत. त्यांतले एक १९८५ मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने २५ हजार डॉलरला घेतले. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ते लिलावात ४ लाख ५१ हजारांना घेतले. पीएसएने त्याला ८ गुण दिले. २००७ मध्ये ते २८ लाखांना गेले.

आणि २०१३ मध्ये मॅस्ट्रोने न्यायालयात कबूल केले, की विकण्यापूर्वी त्याने कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या! नियमाप्रमाणे कापलेल्या कार्डाला गुण मिळतच नाहीत. परीक्षकच चुकला होता.

पण वॅग्नर मुळातच दुर्मीळ. २०२१ मध्ये जेमतेम ३ गुणांचा दुसरा एक वॅग्नर ६६ लाखांना विकला गेला. गुणांची खरी सत्ता चालते ती मुबलक कार्डांवर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी कार्डे अफाट छापली. ग्रिफी घरोघरी होता, आहे. वस्तू दुर्मीळ नसली, की निर्दोषपणा दुर्मीळ ठरतो. म्हणून १० गुणांच्या कार्डाला ९ च्या कित्येक पट भाव मिळतो. हा फरक साध्या डोळ्यांना दिसतोच असे नाही. बाजार भाव देतो तो डबीवरच्या आकड्याला. करोनाच्या काळात तर इतकी कार्डे येऊन पडली, की मार्च २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या.

आमचा ग्रिफी परत आला. दहापैकी सहा! दोन्ही कडांना बारीक खाच. रबर बँडची. फी आणि टपालखर्च वजा जाता विकून हाती फारसे काही लागले नसते.

आपल्या मंडळातल्या बहुतेकांप्रमाणे मीही गुणांच्या जोरावरच या देशात आलो. आकड्यावर माझा फार विश्वास. त्या सहा गुणांत माझ्या रागाचा वाटा किती, हे कोणत्याही डबीवर लिहिलेले नाही. मी चिरंजीवांची माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "बाबा, विकायचं कुणाला होतं?"

डबी आता त्यांच्या टेबलावर आहे. नातवाचे प्रगतिपुस्तक आले, की मी ते शांतपणे वाचतो.