आद्याक्षरी कोडे

आद्याक्षरी कोडे हा शब्दांचा एक बैठा खेळ आहे. यात एखादी म्हण, वाक्प्रचार, पुस्तकाचे वा चित्रपटाचे नाव किंवा सर्वपरिचित विधान घेऊन त्यातील प्रत्येक शब्दाचे केवळ पहिले अक्षर लिहिले जाते आणि त्यावरून मूळ शब्दसमूह ओळखायचा असतो. उदाहरणार्थ, ‘थें. थें. त. सा.’ या अक्षरांवरून ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण ओळखता येते. मूळ शब्दसमूहात संख्या असल्यास ती बहुधा अंकातच दिली जाते, जसे ‘न. ९ दि.’ म्हणजे ‘नव्याचे नऊ दिवस’. मराठीत हा खेळ ‘आद्याक्षरांवरून म्हण ओळखा’ अशा वर्णनपर नावाने शाळेत, हळदीकुंकवाच्या व भिशीच्या कार्यक्रमांत, गणेशोत्सवात आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांत खेळला जातो. आद्याक्षरांवर बेतलेल्या रचनेची परंपरा मराठीत जुनी असून तिचा एक महत्त्वाचा टप्पा बारामतीचे पंडित कवी मोरोपंत यांच्या काव्यात आढळतो.

खेळण्याची पद्धत

खेळासाठी फळा व खडू किंवा कागद व लेखणी एवढेच साहित्य लागते. सूत्रसंचालक कोडे लिहितो आणि दोन किंवा अधिक गट ठरलेल्या वेळात उत्तर देतात. उत्तर न आल्यास कोडे दुसऱ्या गटाकडे जाते. काही ठिकाणी मदत म्हणून एखाद्या शब्दाचे दुसरे अक्षर उघड केले जाते व त्याबद्दल गुण कमी होतात.

अंताक्षरीत खेळाडूला आठवेल ते गाणे म्हणता येते. आद्याक्षरी कोड्यात तशी मोकळीक नसते; उत्तर एकच असते आणि ते आधीपासून तोंडात असावे लागते. ज्याने ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण कधी ऐकलीच नाही, त्याला ‘आ. बि. ना.’ या तीन अक्षरांतून ती कितीही तर्क लढवला तरी सापडणार नाही. याच कारणाने आजी आणि नातवंडे एकाच गटात असली की म्हणींच्या फेरीत आजीची आणि चित्रपटांच्या फेरीत नातवंडांची सरशी होते. कोडे करणाऱ्याची खरी कसोटी अवघड शब्दसमूह शोधण्यात नसून जमलेल्या सर्वांना ठाऊक असलेला शब्दसमूह निवडण्यात असते.

देवनागरीतील अक्षर आणि कोड्याचे स्वरूप

रोमन लिपीत शब्दाचे आद्याक्षर म्हणजे एक वर्ण; त्यावरून पुढील स्वर कळत नाही. देवनागरीत अक्षर हे व्यंजन व स्वर मिळून होत असल्याने ‘थें.’ एवढे लिहिताच सोडवणाऱ्याला व्यंजन, मात्रा आणि अनुस्वार अशा तीन गोष्टी एकदम मिळतात. या दृष्टीने मराठीतील कोडे सोपे ठरते. मात्र दुसऱ्या बाजूने ते अवघडही होते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. त्यामुळे ‘चोराच्या मनात चांदणे’ या म्हणीची ‘चो. म. चां.’ अशी तीनच अक्षरे उरतात. इंग्रजीत अशा ठिकाणी सुटी राहणारी लहानसहान पदे वाक्याचा सांगाडा दाखवून देतात. मराठीत तो आधार नसतो.

अक्षर कोठे तोडावे, याचा संकेत मराठी लेखकांच्या नावांवरून सहज समजतो. प्र. के. अत्रे या नावात जोडाक्षर पूर्ण राहते, पां. वा. काणे आणि शं. ना. नवरे यांत अनुस्वार राहतो, गो. नी. दांडेकर यात मात्रा राहते. कोड्यातही हाच नियम पाळला जातो. म्हणून ‘म्हणून’ या शब्दाचे आद्याक्षर ‘म.’ नसून ‘म्ह.’ होते. अक्षर स्वरासह उच्चारता येत असल्यानेच पुलं, गदिमा, मसाप, अंनिस, मनसे असे संक्षेप मराठीत सरळ शब्दासारखे बोलले जातात. इंग्रजी नावांचे संक्षेप मात्र एमआयडीसीप्रमाणे एकेका रोमन वर्णाच्या नावाने वाचावे लागतात.

कोडे कठीण करायचे असल्यास मात्रा व अनुस्वार काढून नुसती व्यंजने दिली जातात. ‘थ. थ. त. स.’ असे लिहिल्यास थेंबांच्या म्हणीपर्यंत पोहोचायला अंमळ वेळ लागतो. द्विरुक्तीची खूण नसती तर तो आणखी लागला असता.

सामासिक शब्दांबाबत गोंधळ होऊ शकतो. सामान्य नियमाने समास हा एक शब्द धरला जातो. परंतु प्रत्यक्ष लेखनव्यवहारात हरिभक्तपरायण या एकाच शब्दाचे ‘ह. भ. प.’ असे तीन तुकडे आणि सौभाग्यकांक्षिणी या शब्दाचे ‘सौ. कां.’ असे दोन तुकडे रूढ आहेत. पाठभेद ही आणखी एक अडचण. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीत काही जण ‘म्हणे’ हा शब्द घालतात, त्यामुळे एक अक्षर वाढते. याउलट ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ या म्हणीत ‘मुळासकट’ऐवजी ‘मुळापासून’ म्हटले तरी ‘ऊ. गो. ला. म्ह. मु. खा. न.’ हे कोडे तसेच राहते. वाद टाळण्यासाठी कोणता पाठ धरला आहे, हे सूत्रसंचालकाने स्वतःपाशी लिहून ठेवणे सोयीचे असते.

मराठी लेखनातील संक्षेपांची परंपरा

आद्याक्षरांवरून पूर्ण शब्द ओळखण्याची सवय मराठी वाचकाला खेळाच्या आधीपासून आहे. मोडी लिपीतील दप्तरांत नेहमीच्या शब्दांचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा देण्याची पद्धत होती. मुक्काम या शब्दासाठी ‘मु॥’ हे त्याचे एक उदाहरण. घरगुती पत्रव्यवहारात तर मायन्यापासून शेवटापर्यंत संक्षेपांचीच रांग असे. वडिलांना ‘ती.’ (तीर्थरूप), मुलाला ‘चि.’ (चिरंजीव), बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’ (सप्रेम नमस्कार विनंती विशेष), वडीलधाऱ्यांना ‘सा. न. वि. वि.’ (साष्टांग नमस्कार विनंती विशेष), धाकट्यांना ‘अ. उ. आ.’ (अनेक उत्तम आशीर्वाद) आणि सही झाल्यावर आठवलेल्या मजकुरासाठी ‘ता. क.’ (ताजा कलम). यांतील एका अक्षराच्या फरकाने, म्हणजे ‘स.’ की ‘सा.’ यावरून, लिहिणारा व वाचणारा यांचे नाते कळत असे.

घरगुती पत्रे लिहिणे जवळजवळ थांबल्यानंतर हे संक्षेप रोजच्या वापरातून गेले. लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ टिकून आहे, पण तिचा विस्तार विचारल्यास अनेक तरुण वाचक अडखळतात. जी अक्षरे एका पिढीला कोडे वाटतही नव्हती, ती पुढच्या पिढीसाठी खरोखरच कोडे झाली आहेत. शालेय पातळीवर हा खेळ घेताना म्हणींबरोबर पत्रलेखनातील संक्षेपांची एक स्वतंत्र फेरी ठेवता येते.

मोरोपंत आणि बारामती

मोरोपंत, म्हणजे मोरेश्वर रामचंद्र पराडकर (१७२९–१७९४), यांचा जन्म पन्हाळगडावर झाला. पुढे बाबूजी नाईक बारामतीकर यांच्या आश्रयाने ते कऱ्हा नदीकाठच्या बारामतीत आले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. ‘आर्याभारत’ व ‘केकावली’ या त्यांच्या ख्यातनाम रचना. रामकथेवर त्यांनी रचलेली रामायणे १०८ म्हणून प्रसिद्ध आहेत आणि त्यांतील अनेकांत त्यांनी स्वतःवर अक्षरांचे कडक निर्बंध घालून घेतले. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांना ओठ लावून उच्चारावी लागणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य आहेत, ‘राम’ हे नायकाचे नावच त्यामुळे उच्चारता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्बंधाची तीव्रता कळते. ‘मंत्ररामायणा’त ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र आर्यांमध्ये गुंफलेला आहे.

ही रचना आद्याक्षरी कोड्याच्या उलट दिशेने चालते. कोड्यात पूर्ण वाक्यावरून अक्षरे काढून घेतलेली असतात व वाचक वाक्य परत मिळवतो. मंत्ररचनेत वाक्ये पूर्ण असतात आणि त्यांतून अक्षरे वेचून मंत्र मिळवायचा असतो. याच जातीचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे परंपरेने समर्थ रामदासांच्या नावावर सांगितले जाणारे शिवाजी महाराजांना लिहिलेले पद्यमय पत्र. त्याच्या चरणांची पहिली अक्षरे जोडली असता ‘विजापूरचा सरदार निघाला आहे’ असा अफझलखानाविषयीचा इशारा मिळतो. या पत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मोरोपंतांच्या आर्यांची रचना मात्र निर्विवादपणे जाणीवपूर्वक केलेली आहे. तिच्यावर कृत्रिमतेचा आक्षेप घेतला गेला, आणि तो सर्वस्वी अन्याय्य म्हणता येत नाही. तरी भाषेवरील प्रभुत्वाचा नमुना म्हणून ही रामायणे आजही उल्लेखिली जातात.

इंग्रजीतील स्वरूप

अंक व आद्याक्षरे यांचे कोडे इंग्रजीत लोकप्रिय होण्यास अमेरिकेतील कोडेकार विल शॉर्ट्झ यांनी ‘गेम्स’ मासिकाच्या मे–जून १९८१ च्या अंकात दिलेली चाचणी कारणीभूत ठरली. इंग्रजी वर्णमालेतील २६ वर्ण हे त्या प्रकारातील ठरावीक उदाहरण होय. ब्रिटनमध्ये ‘डेली एक्सप्रेस’मधून विल्यम हार्टस्टन यांनी अशी कोडी दिली व त्यांना ‘डिटलॉइड’ हे नाव पडले. हा शब्द म्हणजेच एक सोडवलेले कोडे आहे: रशियन लेखक अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या, इव्हान डेनिसोविचच्या आयुष्यातील एका दिवसावरील कादंबरीच्या इंग्रजी नावात ‘एक’च्या जागी अंक ठेवून उरलेल्या शब्दांची आद्याक्षरे जोडली की तो तयार होतो.

मराठीत अंकांची कोडी करण्यास म्हणी व वाक्प्रचारांतच पुरेसे साहित्य आहे: ‘३ ति. का. बि.’ (तीन तिघाडा काम बिघाडा), ‘३६ आ.’ (छत्तीसचा आकडा), ‘१ ना ध. भा. चिं.’ (एक ना धड भाराभर चिंध्या), ‘१ हा. टा. वा. ना.’ (एका हाताने टाळी वाजत नाही).

स्थानिक कोडी

स्थळांची व स्थानिक इतिहासाची कोडी त्या त्या भागापुरतीच चालतात. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या लगतच्या तालुक्यांवरून हे स्पष्ट होते. ‘१०८ रा. मो.’ हे मोरोपंतांच्या रामायणांचे कोडे बारामतीबाहेरही सुटू शकते. परंतु ‘नी. भी. सं. न.’ म्हणजे नीरा-भीमा संगम, नरसिंहपूर, ‘मा. ग. इं.’ म्हणजे मालोजीराजांची गढी, इंदापूर, ‘तु. पा. बे. रिं.’ म्हणजे तुकाराम महाराजांच्या पालखीचे बेलवाडीतील रिंगण, आणि ‘उ. ज. भि. रो.’ म्हणजे उजनीच्या जलाशयावर भिगवणला येणारे रोहित पक्षी, ही उत्तरे त्या रस्त्यांवर वावरलेल्यालाच झटकन सुचतात. ‘नी. डा. का.’ या तीन अक्षरांचा नीरा डावा कालवा या दोन्ही तालुक्यांतून जातो व त्याच्या पाण्यावरच येथील उसाचा मोठा पट्टा उभा राहिला. पाणी न पोहोचलेल्या जिरायत गावांत ‘दु. १३वा म.’ (दुष्काळात तेरावा महिना) ही म्हण केवळ कोड्यापुरती राहत नाही.

या भागातील शेतकऱ्याला, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्याला, विस्ताराची गरज न पडणारा संक्षेप म्हणजे ‘७/१२’. गाव नमुना ७ हे जमिनीच्या अधिकारांचे पत्रक आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही; दोन्ही एकत्र दिली जात असल्याने उताऱ्यालाच सातबारा हे नाव पडले. ‘८अ’ हा खातेउताराही असाच. कोड्यात ‘७/१२ उ.’ असे लिहिल्यास ते सर्वांत सोपे ठरते, परंतु सात म्हणजे काय आणि बारा म्हणजे काय असा पुढचा प्रश्न विचारला की उत्तरे देणारे कमी होतात.