पदराची गाठ

विसरभोळेपणाकडे समाज बहुधा कौतुकाने पाहतो. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारे आजोबा, पेटीत टाकावयाचे पत्र खिशातच ठेवून परत येणारे गृहस्थ, चुलीवर दूध ठेवून शेजारणीच्या बोलण्यात रमलेली गृहिणी, ही माणसे घरोघर आढळतात. त्यांच्या फजितीवर घटकाभर हसून विषय मिटतो. परंतु हाच विसर चुकीच्या जागी आणि चुकीच्या क्षणी पडला म्हणजे काय होते, याची एक दारुण साक्ष इतिहासाने नोंदवून ठेवली आहे.

ती घटना २२ मे १९१५ रोजी सकाळी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, ग्रेटना गावाजवळील क्विंटिन्सहिल येथे घडली. कॅलेडोनियन रेल्वेच्या दुहेरी मार्गावरील ते एक एकाकी सिग्नल केबिन. रात्रपाळीवर जॉर्ज मीकिन होता आणि सहा वाजता जेम्स टिन्स्ली याने त्याची जागा घ्यावयाची होती. पण कार्लाइलहून निघणारी पॅसेंजर गाडी ज्या दिवशी क्विंटिन्सहिलला थांबणार असेल, त्या दिवशी तिनेच आरामात यावे, असा दोघांचा आपसांतला समझोता होता. सहानंतरच्या नोंदी मीकिन एका कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवी. टिन्स्ली आल्यावर त्या स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवी. उशिरा येणे त्यामुळे वरिष्ठांच्या नजरेत येत नसे.

त्या सकाळी टिन्स्ली साडेसहाच्या सुमारास त्या पॅसेंजर गाडीनेच आला. मागून लंडनच्या जलद गाड्या येत होत्या. त्यांना वाट देण्यासाठी पॅसेंजरला बाजूला घेणे भाग होते. दोन्ही बाजूंचे लूप मालगाड्यांनी अडलेले होते. म्हणून मीकिनने पॅसेंजरला विरुद्ध दिशेच्या मुख्य मार्गावर उभे केले. ही गोष्ट नियमबाह्य नव्हती. मात्र अशा वेळी दोन गोष्टी अवश्य करावयाच्या असत: पुढच्या केबिनला मार्ग अडल्याची खूण पाठविणे आणि त्या मार्गाच्या सिग्नलच्या खटक्यावर एक लोखंडी कडे चढविणे. कडे असले म्हणजे खटका ओढताना हात अडतो आणि मन जागे होते. त्या दिवशी खूण गेली नाही, कडेही चढले नाही. पॅसेंजरचा फायरमन नियमाप्रमाणे केबिनमध्ये आठवण देण्यास आला. त्याने वहीत सही केली. पण कडे चढविले आहे की नाही, हे न पाहताच तो परतला.

टिन्स्ली चिठोऱ्यावरील नोंदी उतरविण्यात गढला होता. पाळी संपलेला मीकिन तिथेच वर्तमानपत्र वाचीत बसला होता. मालगाड्यांचे गार्डही आले होते आणि महायुद्धाच्या बातम्यांवर बोलणे चालले होते. इतक्यात उत्तरेकडील केबिनने एक लष्करी गाडी देऊ केली. टिन्स्लीने ती स्वीकारली आणि सिग्नल खाली केले. ज्या गाडीतून तो स्वतः पंधरा-वीस मिनिटांपूर्वी उतरला होता, ती त्याच मार्गावर, खिडकीतून दिसेल अशा अंतरावर उभी होती.

सात वाजण्यास दहा-अकरा मिनिटे असताना लष्करी गाडी पॅसेंजरवर आदळली. तिच्यात लीथ येथील रॉयल स्कॉट्स पलटणीचे जवान गॅलिपोलीच्या आघाडीकडे जाण्यासाठी निघाले होते. २१३ यार्ड लांबीची ती गाडी चेपून ६७ यार्डांची झाली. मिनिटभरातच लंडनची जलद गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. लाकडी डबे आणि दिव्यांचा गॅस यांनी पेट घेतला. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य सैनिक होते. ब्रिटनच्या रेल्वे-इतिहासात एवढा प्राणघातक अपघात दुसरा नाही. पलटणीचा हजेरीपटही जळाल्याने मृतांची नेमकी संख्या कायमची संदिग्ध राहिली. आपण ती पॅसेंजर विसरलो, हे टिन्स्लीने मान्य केले. न्यायालयाने त्याला तीन वर्षांची आणि मीकिनला दीड वर्षाची शिक्षा दिली.

मनुष्य इतक्या थोड्या वेळात इतकी मोठी गोष्ट विसरतो कशी? जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्यावर तासाभरात अर्ध्याहून अधिक पाठांतर ओसरते, असे त्याला आढळले. परंतु पॅसेंजर गाडी काही निरर्थक अक्षर नव्हती. १९०० साली म्युलर आणि पिल्त्सेकर यांनी आणखी एक कारण पुढे केले: एक गोष्ट मनात ठसण्यापूर्वीच दुसरी तिच्या मागोमाग आली, तर पहिलीचा ठसा पुसट होतो. टिन्स्लीच्या पुढ्यात तर नोंदी, गप्पा आणि घंटांचे ठोके एकाच वेळी येऊन पडले होते.

पुढे १९७० च्या दशकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन याने सामान्य माणसांना आपापल्या चुकांची रोजनिशी ठेवावयास लावले. तिच्यातून निघालेला निष्कर्ष चकित करणारा आहे. अशा चुका नवख्या कामात होत नाहीत. त्या सरावाच्या कामात, परिचित जागी, चित्त अन्यत्र गुंतले असताना होतात. सवय हाताला काम शिकविते आणि मनाला सुट्टी देते. दाराला कुलूप लावले की नाही, हे आठवत नाही, कारण लावताना मन तेथे नव्हतेच. जे मनात शिरलेच नाही, ते बाहेर कसे यावे? शिवाय झोप अपुरी झाली, चिंता वाढली किंवा कामात मध्येच खंड पडला, तर हा धोका बळावतो. ज्या गोष्टीची आठवण दुसरा करील असे प्रत्येकाला वाटते, तीही हमखास निसटते. क्विंटिन्सहिलच्या केबिनमध्ये त्या सकाळी अनेक माणसे होती. पॅसेंजरची आठवण मात्र कोणीच बोलून दाखविली नाही.

या साऱ्यावर उपाय कोणता? स्मरणशक्ती वाढविण्याचा उपदेश पुष्कळ झाला आहे. पण शहाण्या व्यवहाराने निराळा मार्ग धरला. त्याने आठवणीचे ओझे मनावरून काढून वस्तूवर ठेवले. खटक्यावरचे कडे ही तशीच वस्तू. भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर दीर्घकाळ चाललेल्या टोकनपद्धतीत ड्रायव्हरच्या हाती धातूचा गोळा दिला जाई. तो हातात असल्याखेरीज पुढच्या टप्प्यात गाडी नेता येत नसे. विद्युतप्रवाह वाहणारे रूळ तर मार्ग अडलेला असता सिग्नल खाली होऊच देत नाहीत. तेथे माणसाच्या आठवणीवर विसंबावेच लागत नाही.

मराठी घरातील आजीने हे शास्त्र पुस्तकाविना ओळखले होते. काही आठवावयाचे असले की ती पदराला गाठ मारी. दिवसभरात हात पदराकडे गेला की गाठ बोटांना लागे आणि काम आठवे. त्या गाठीत स्वतःच्या मनाच्या दुबळेपणाची निर्मळ कबुली होती. क्विंटिन्सहिलला कडे केबिनमध्येच होते. ते चढविण्याइतकीही गरज त्या सकाळी कोणाला वाटली नाही. लीथच्या रोझबँक स्मशानभूमीत त्या जवानांची सामुदायिक समाधी आहे. आपल्याला सारे आठवेल, असा भरवसा बाळगणाऱ्याने तिचे स्मरण ठेवावे आणि पदराची गाठ मारावयास लाजू नये.