पल्ला कळतो, अंतर कळत नाही

जिन्यात पाऊल पडताच दिवा लावणाऱ्या पीआयआर सेन्सरचे कूळ १८०० सालापर्यंत मागे जाते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश लोलकातून पाडला. तांबड्या पट्ट्यापलीकडे, जिथे प्रकाश दिसत नव्हता, तिथल्या थर्मामीटरचा पारा सर्वांत जास्त चढला. अवरक्त किरणांची ही पहिली ओळख.

१८२१ मध्ये झेबेकला दिसले की, दोन धातूंच्या सांध्यांच्या तापमानात फरक पडला की जवळची चुंबकसूची हलते. इटलीत नोबिली आणि मेलोनी यांनी असे अनेक सांधे जोडून थर्मोपाइल बनवला. सुमारे तीस फुटांवरचा माणूस तो अंगच्या उष्णतेवरून टिपे. पुढे अमेरिकेत लँग्लेने बोलोमीटर केला. त्याला पाव मैलावरची गायही कळते, अशी ख्याती झाली.

तिसरी शाखा स्फटिकांची. डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून नेलेला तुरमली तापवला की राख ओढून घेई. तापमान बदलताना स्फटिकावर विद्युतभार येतो, म्हणून १८२४ मध्ये ब्रूस्टरने या गुणाला पायरोइलेक्ट्रिसिटी असे नाव दिले. आजच्या सेन्सरमध्ये असेच दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. खोली सगळी सारखी तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात. माणूस चालत गेला तर आधी एक जागा होतो, मग दुसरा. वरचे खाचांचे प्लॅस्टिक भिंग मूळ फ्रेनेलने दीपगृहांसाठी कल्पिलेले.

या घराण्यात फुटांचे आणि मैलांचे आकडे पहिल्यापासून आहेत, पण ते पल्ल्याचे. रडार लहर सोडते आणि ती परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. पीआयआर काहीच सोडत नाही, मग मोजायला वेळ कुठला? अंतर दुप्पट झाले की पोचणारी उष्णता चौथाईवर येते हे खरे. तरी जवळून जाणारे मांजर आणि लांबून जाणारा माणूस सारखाच संकेत देऊ शकतात. लांबून झपाट्याने जाणारा आणि जवळून रमतगमत जाणारा यांचा वेगही सेन्सरला एकच भासतो.

म्हणून खोक्यावर छापलेला मीटरचा आकडा पल्ला समजावा. नेमके अंतर हवे असेल, तर ठरावीक अंतरावर दोन दिशादर्शक सेन्सर बसवून त्रिकोण सोडवावा, किंवा सरळ अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडावा.